तिच्या नावाने

मास्तरांनी फोन डोळ्यांसमोर धरला आणि पडद्यावर नसलेला अभिप्राय वाचून दाखवला.

"लिहिलंय, काकू, शाल फार देखणी झाली आहे. रंग तर डोळ्यांत भरतो."

बायको समोरच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर तीच शाल. वर्षापूर्वी तिच्या डोळ्यांपुढे धुकं आलं, ते पुन्हा गेलंच नाही. सुया मात्र थांबल्या नव्हत्या. बोटांना दिसतं की, असं ती म्हणायची. काही विणून झालं की मास्तर त्याचा फोटो काढून तिच्या फोनवरच्या विणकामाच्या गटात टाकायचे आणि दुपारच्या चहाला सगळ्यांचं म्हणणं वाचून दाखवायचे. गटात तिला लहानथोर सगळे काकूच म्हणत. घराबाहेर पडणं बंद झाल्यापासून तिचा गोतावळा तेवढाच उरला होता.

आणखी कोण काय म्हणतंय, असं तिने विचारलं. मास्तरांनी आणखी दोघींचं वाचलं. छत्तीस वर्षं पहिली-दुसरीच्या पोरांना गोष्टी सांगितलेल्या माणसाला चार कौतुकं रचणं काय अवघड? एकीला त्यांनी जरा आगाऊ केलं, दुसरीला भाबडं. पडद्यावर खरोखर एकच ओळ होती. गेले तीन आठवडे तीच. 'तुम्हाला या गटातून काढून टाकण्यात आले आहे.'

"झालं?"

"झालं. आज एवढंच."

तिने शाल उलगडली, काठावरून बोट फिरवत नेलं आणि एका जागी थांबवलं. बोटाचं पेर आरपार गेलं.

"इथे टाका सुटलाय. फोटोत दिसला नाही कुणाला?"

मास्तर म्हणाले, एवढंसं भोक, त्यात कोण डोकं घालतंय. त्यावर ती हसली. त्या गटात राईएवढं भोक सुटत नाही, म्हणाली. आधी चूक दाखवायची, मग कौतुक करायचं, हा नियम तिनेच घालून दिलेला, आणि नव्या पोरी तिच्यावरच आधी हात साफ करून घेत.

नियम मास्तरांना ठाऊक होता. पण चूक काढायला विणकाम यावं लागतं. कौतुकाला काही यावं लागत नाही.

"तीन आठवडे झाले, माझी एक चूक निघाली नाही," ती म्हणाली. "इतकी चांगली मी डोळे होते तेव्हासुद्धा विणत नव्हते."

मास्तर कपातल्या चहाकडे बघत राहिले. वर्गात कुणी खोटं बोललं तर ते कधी दरडावत नसत. नुसते समोर बसून राहत. थोड्या वेळाने पोर आपणहून बोलायला लागे. आता ती तशी बसली होती.

मग त्यांनी सांगितलं. मागच्या महिन्यात मफलरचा फोटो टाकला, तेव्हा गटात एक नवा आला होता. नाव नाही, गाव नाही, चेहऱ्याच्या जागी वाघाचं चित्र. हा मफलर आहे की उंदरांनी कुरतडलेलं पायपुसणं, असं त्याने लिहिलं. खाली दोघे-तिघे हसून गेले. त्याला चेव आला. आजीबाई, आंधळ्या आहात का, असं त्याने विचारलं.

मास्तरांनी ते तिला वाचून दाखवलं नाही. त्यालाच उत्तर दिलं. फोन तिचा होता, गटात नाव तिचं होतं, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही. त्याने पुन्हा लिहिलं, यांनी पुन्हा लिहिलं. शब्दाला शब्द चढत गेला. शेवटी मास्तरांनी एक घाणेरडा शब्द लिहिला, तो साऱ्या गटाने वाचला. तासाभरात गट सांभाळणाऱ्या बाईने दोघांनाही बाहेर काढलं. मोज्याची टाच वळवायला त्या बाईला हिनेच शिकवलं होतं. काढण्याआधी तिने एवढंच लिहिलं, काकू, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

बायकोने शालीची घडी घातली. घडीवर घडी.

मास्तर घाईघाईने म्हणाले, मी त्या बाईचा पत्ता शोधतो, पत्र लिहितो, सगळं माझ्या अंगावर घेतो. तिने ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

"काय लिहिलंत?"

"जाऊ दे ना. बोलण्यासारखं नाहीये ते."

"लिहिण्यासारखं होतं?"

एखाद्या पोराच्या तोंडून वावगा शब्द निघाला तर मास्तर त्याला बाजूला घेत, खांद्यावर हात ठेवत आणि म्हणत, बाळा, तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही. घरात तर त्यांचा आवाजही कधी चढला नव्हता.

"माझ्या नावावर आहे ना ते," ती म्हणाली. "मग मला निदान ऐकू तरी द्या."

फरशीकडे बघत, एका दमात, मास्तरांनी तो शब्द सांगितला.

तिने तो शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारला. सावकाश, एकेक अक्षर सुटं करत, पहिलीतलं मूल फळ्यावरचा नवा शब्द लावून वाचतं तसा. मग मान मास्तरांच्या दिशेने वळवून तिने विचारलं,

"बरोबर?"