पाय न टेकता

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर भूमिका लाँगबोर्डवर, तिच्या लांबट स्केटबोर्डवर, चढली ती थेट आज, म्हसावदबाहेरच्या मोकळ्या डांबरी रस्त्यावर. जमिनीला पाय मारून बोर्ड ढकलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तिने बोर्डाखाली नवे ट्रक बसवले होते. चाकं धरणारे हे ट्रक इतक्या बारीक मापाने कापलेले होते की त्यांच्यात जराही ढिलेपणा नव्हता. दोन्ही पाय वर ठेवून नुसतं अंग झुलवलं तरी बोर्ड पुढे जायला हवा होता.

पहिल्याच झोक्याला तो असा झटकन वळला की ती कशीबशी सावरली.

मोटरसायकलवर मागून येणारे तिचे वडील, भाईदास, म्हणाले, "बस कर बेटा. परत पडनी तं तुन्ही मायले मी काय सांगू?"

भूमिकाने ट्रक किती वळावा हे ठरवणारा नट थोडा आवळला आणि पुन्हा चढली. बोर्ड थरथरला, मग खांदे आणि कंबर एका लयीत आले. उसाची शेतं मागे सरू लागली. गुडघ्यात कळ आली की नुसता भास झाला, तिला कळेना. तेवढ्यात मागून वडिलांची हाक आली. मग आणखी मोठी. वाऱ्यात शब्द समजत नव्हते. घाबरून तिने बोर्ड मंदावू दिला आणि जपून खाली उतरली.

भाईदास जवळ आले. ओरडून त्यांचा घसा बसला होता.

"काय व्हयनं, आबा?"

"थांबनी काबर? मी तं 'जाय, जाय' सांगी ऱ्हायंतू."