तिसऱ्या गाण्याचा ठेका

"परत ठोकायला लागली!" गिटार छातीशी धरून ग्लेन ओरडला. "रसेल, तुझी ती म्हातारी एक दिवस भिंत पाडणार बघ."

"वाजवत राहा," रसेल ड्रममागून म्हणाला. "टेप चालू आहे."

धप्. धप्-धप्. इंग्लंडमधल्या हल शहरातल्या त्या गल्लीत घरं एकमेकांना चिकटलेली, मधे एकच भिंत. रसेलच्या घरातल्या पुढच्या खोलीत 'गॅस मीटर' नावाचा बँड जन्माला आला, त्या दिवसापासून शेजारच्या मिसेस पिकरिंग काठीनं ती भिंत बडवत होत्या. तिसरं गाणं सुरू झालं की विचारूच नका, बाईंच्या अंगात यायचं.

"टेपमध्ये नाही येणार ते," शीना म्हणाली. माइकला स्टँड नव्हता, म्हणून तिनं तो भिंतीलाच टेकवून ठेवला होता.

बँडमध्ये तिघंच. गाणारा ग्लेन दिसायला देखणा, आणि ते त्याला पक्कं ठाऊक. बेस गिटारवर शीना, तोंडानं फटकळ, हातानं अचूक. आणि रसेल. त्याला घेतलं ते खरं तर त्या खोलीसाठी. आई मासळीच्या कारखान्यात दिवसपाळीला, घर मोकळं. ड्रम त्यानं नंतर आणले. हे त्याला तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं, पण माणसाला कळतं हो.

सराव संपला की तो कुंपणावरून बाईंची माफी मागायचा. "सॉरी, मिसेस पिकरिंग. आज पुन्हा झालं."

"होतं रे," बाई कपडे वाळत घालता घालता म्हणायच्या. "उद्या जरा सांभाळून, बाळा."

पबमध्ये मात्र गॅस मीटरनं धमाल उडवली. पहिल्या गाण्याला लोक टेबलं सोडून पुढे यायचे, दुसऱ्याला ग्लास उंचावून नाचायचे. तिसऱ्याला सगळे बिअर आणायला जायचे. "संथ गाणं आहे, लोकांना तहान लागते," ग्लेन म्हणायचा.

आणि मग त्यांनी पाठवलेली टेप रेडिओवर वाजली! नेमकं तिसरं गाणंच! निवेदकाला ते इतकं आवडलं की त्यानं लगेच पुन्हा लावलं. शीनानं हातातली पॅटी आणि चिप्स सोफ्यावर फेकल्या आणि दोघांच्या गळ्यात पडली. ग्लेन रस्त्यावर जाऊन नुसताच ओरडून आला. पुढच्या शुक्रवारी पबबाहेर रांग, आत पाय ठेवायला जागा नाही. चिप्सच्या दुकानातली बाईसुद्धा रसेलला नावानं हाक मारायला लागली.

रसेल हसायचा, पण मनातून धास्तावला होता. लंडनच्या रेकॉर्ड कंपन्या बँड घेतात आणि सगळ्यात आधी ड्रमवाल्याला नारळ देतात, ही तर उघड गोष्ट. त्याच्या जागी कुणी तयार माणूस आणून बसवतात. रसेलला आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी स्वतःची जागा मिळाली होती. ती गेली की आईशेजारी उभं राहून मासे कापायचे, बस्स.

तेवढ्यात एक दिवस कोपऱ्यावरच्या फोनवरून ग्लेन धावतच आला.

"येतायत! लंडनच्या रेकॉर्ड कंपनीची बाई, हॅरिएट! शनिवारी! जिथं टेप केली तिथंच ऐकायचंय म्हणाली, तुझ्या खोलीत!" मग त्यानं जरा तोंड वाकडं केलं. "आणि म्हणाली, ड्रमवाल्याला काही झालं तरी सोडू नका. त्या ठेक्यासाठीच येतेय."

"माझ्यासाठी?"

"माझाही विश्वास बसत नाही, लेका."

रसेलला रडूच फुटलं. "नाक पूस, गाढवा," शीना म्हणाली. "मोठा माणूस झालास आता." तिचेही डोळे भरले होते.

शनिवारी सकाळी रसेल केक घेऊन शेजारी गेला. "मिसेस पिकरिंग, आजच्या दिवस ठोकू नका. माझं सगळं आजच्यावरच अवलंबून आहे."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "तिसऱ्या गाण्यालाही नको?"

"तिसऱ्याला तर मुळीच नको. हात जोडतो."

"बघ बाबा," बाई म्हणाल्या. "तुझी मर्जी."

हॅरिएट आली, सोफ्यावर बसली. पहिल्या गाण्याला तिचा पाय हलायला लागला, दुसऱ्याला मान डोलायला लागली. ग्लेननं रसेलला डोळा मारला. जमलं! मग तिसरं. रसेलनं त्यात जीव ओतला. भिंतीपलीकडे शांतता होती, बाईंनी शब्द पाळला होता.

हॅरिएटचा पाय थांबला.

"हे ते गाणं नाही."

"हेच की!" ग्लेन म्हणाला.

"मग ठेका कुठाय?" तिनं पिशवीतून छोटा टेपरेकॉर्डर काढला आणि आवाज मोठा केला. "हे पुढचे ड्रम सोडा, हे धावतायत. त्यांच्या मागचं ऐका. हे बघा! अख्खं गाणं यावर उभं आहे. हे कोण वाजवतंय?"

धप्. धप्-धप्.

"रसेलच होता," शीना म्हणाली. "दुसरं कोण असणार?"

रसेलला मात्र कळलं होतं. त्यानं हातातल्या काठ्या खाली ठेवल्या. तोंड उघडलं की आपली जागा गेली. नाही उघडलं तर तिघांचीही.

हॅरिएटनं कोट उचलला.

"थांबा," रसेल म्हणाला. "मी घेऊन येतो."

शेजारचं दार लगेच उघडलं. मिसेस पिकरिंग जणू दारामागेच उभ्या होत्या.

"चला माझ्याबरोबर," रसेल म्हणाला. "लंडनच्या बाईंना तुम्हीच हव्या आहात. गंमत बघा, आम्ही वाजवणं बंद करावं म्हणून तुम्ही एवढं ठोकत होतात, आणि..."

"बंद करावं?" बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे राजा, चर्चच्या बँडमध्ये जन्मभर ढोल वाजवलाय मी. त्या गाण्यात तू रोज लयीतून सुटत होतास, म्हणून मी तुला ताल धरून देत होते."