अंधारातली चाचणी

“एक बुडबुडा नाही,” ताई म्हणाली. “दिवसभर भांडं काळोखात होतं, नळीत वायूचा मागमूसही नाही. आता तरी दोन घास खाशील का?”

धाकटा भाऊ प्रयोगशाळेच्या दारातच थांबला. खरं तर त्याने आनंदाने उडीच मारायला हवी होती. एका पांढऱ्या पावडरीच्या अतिसूक्ष्म कणांत गंधक मिसळून त्याने ती पिवळी केली होती. साध्या उजेडात ती पाण्यातून हायड्रोजन काढते, हे इंधन फुकट मिळेल, असा त्याचा दावा होता. अंधारातही वायू आला असता, तर उजेडाचं नाव घ्यायला तोंड उरलं नसतं आणि इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलं असतं.

त्यात दुसऱ्या दोन प्रयोगशाळांनी तीच पावडर बनवली, आणि त्यांना उजेडातही काही मिळालं नाही. उद्या त्याला भरसभेत उत्तर द्यायचं होतं.

“त्यांना धड भांडी घासता येत नसतील,” ताई फणकाऱ्याने म्हणाली. तिने मात्र आजची भांडी कधीच घासून पालथी घातली होती. नळीतला वायू मोजायचं काम पहिल्यापासून तिचंच. आई गेल्यावर स्वतःचं कॉलेज सोडून तिने याला वाढवलं होतं. याचं नाव छापून आलं की ती शेजारीपाजारी दाखवत सुटायची.

“नीट पाहिलंस ना?”

“डोळे शाबूत आहेत माझे.”

“सकाळी मी चांदीचा कागद गुंडाळून ठेवलेलं भांडं, तेच?”

“तेच रे बाबा! एरवी कधी हात लावत नाहीस, आज स्वतः गुंडाळलंस. एवढा घाबरलास?”

तो स्टुलावर बसला. त्याचे डोळे भरून आले.

“वेडा कुठला,” ताईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “सुटलास की! उद्या ताठ मानेने सांग सगळ्यांना.”

त्याने तिचा हात धरून ठेवला. तिच्यावर रागावता आलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “त्या भांड्यात मी जस्ताचा चुरा आणि आम्ल टाकून गेलो होतो. अंधारातसुद्धा नळी हायड्रोजनने काठोकाठ भरायला हवी होती.”