दातांच्या खुणा

तंबाखू ओढायचे जुने पाइप घासूनपुसून नव्यासारखे करून देणाऱ्या कारागिराकडे एक बाई नवऱ्याचा पाइप घेऊन आल्या. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. "चांगला चकचकीत करा," त्या म्हणाल्या, "पण तोंडाकडच्या नळीवर त्यांच्या दातांच्या खुणा आहेत, तेवढ्या राहू द्या."

म्हणजे पॉलिशचा तपकिरी मसाला नको. तो नळी खातो. पांढरा नुसती चकाकी आणतो. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी कारागिराने हे सांगितलं असतं. पण हाताला लागलेली सवय जाते कुठे! फिरत्या चाकाला त्याने तपकिरी वडी टेकवली, आणि भानावर येईपर्यंत नळी गुळगुळीत झाली होती.

झालं ते झालं. त्याने वरून पांढरा मसाला फिरवला, मेणाचा हात दिला, दुकानाला कुलूप घातलं आणि जेवायला गेला. बाईंना काय सांगायचं, ते जेवण संपलं तरी सुचलं नव्हतं.

परत येऊन कुलूप काढलं, तर नळीवर खुणा होत्या. नव्या मेणावर उमटलेल्या, ताज्या.

फार खोलात शिरायचं नाही, असं त्याने ठरवलं. संध्याकाळी बाईंच्या देखत नळी कोरड्या फडक्याने पुसली आणि पाइप त्यांच्या हातात दिला.

त्यांनी खुणांवरून अंगठा फिरवला. "त्यांचेच दात. मधला पडला होता ना, बघा, इथे खूण नाही." त्या हसल्या. मग त्यांनी अंगठा उजेडात धरला.

"अजून ओली आहे हो," त्या म्हणाल्या.