शिवणीचा मोजा

"चढावर गाडी घुसमटते," शेजारचा व्हिलेम हात पुसत म्हणाला. "हवेचा फिल्टर उघडायला हवा. उघडू ना, ओल्दा?"

चाकाच्या खुर्चीत बसलेल्या ओल्द्रिखला म्हणायचं होतं, नको. तोंडातून आलं, "बरं."

नाताळ सरता सरता त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि भाषाही गेली. मागे राहिला तो एवढा एकच शब्द. भूक लागली तरी बरं, सुपाने जीभ भाजली तरी बरं. संसाराला हा एक शब्द पुरतो, आपल्याला तो शिकायला जन्म गेला, असं व्हिलेम म्हणायचा. ओल्द्रिखची बायको ल्युद्मिला त्यावर हसायची आणि सुपावर फुंकर घालायची.

रविवारी चर्चसमोर जुन्या मोटारसायकली जमणार होत्या. दर मे महिन्यात पाद्री त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतो आणि मग सगळा ताफा द्राक्षमळ्यांतून टेकडीवर जातो. आजवर पुढे असायची ती ओल्द्रिखची लाल जावा. यंदा ती व्हिलेम चालवणार होता आणि ओल्द्रिख बाजूच्या साइडकारमध्ये बसणार होता. ल्युद्मिलाने त्याचा कोट ब्रशने साफ करून ठेवला होता. जुन्या बाजारातून नवा कागदी फिल्टरही तिनेच शोधून आणला होता.

व्हिलेमने सीटखालच्या झाकणाचे स्क्रू ढिले केले. तेवढ्यात चर्चची दुपारची घंटा झाली. घरी जेवणातले उकडलेले कणकेचे गोळे गार झाले तर बायको ते डोक्यात फेकून मारील, असं सांगून तो उठला. पुढचं काम पोरखेळ आहे म्हणाला. जुना फिल्टर काढायचा, आतली खोबण पुसायची, नवा बसवायचा.

"मी करते," ल्युद्मिला म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

ओल्द्रिखने डावा हात उचलला. तो जेमतेम खुर्चीच्या दांड्यापर्यंत आला.

त्या फिल्टरला त्याने कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. तारेची जाळी, दर वसंतात पेट्रोलमध्ये धुवायची, तेलात बुडवायची, निथळू द्यायची. गॅरेजचं दार लावून तो हे करायचा. कारण जाळीवर एक मोजा चढवलेला होता. बायकांचा, तलम, मागे काळी शिवण असलेला.

नवे फिल्टर मिळत नसत त्या काळात जाळीवर मोजा सगळेच चढवायचे, म्हणजे धूळ आत जात नाही. पण बाकीच्यांचे मोजे त्यांच्या बायकांचे असत. हा इर्माचा होता. इर्मा तालुक्याच्या औषधाच्या दुकानात होती. त्याची मुलगी रांगत होती, त्या उन्हाळ्यात ओल्द्रिखला वरचेवर औषधं लागू लागली होती. मळ्यातल्या धुळीच्या रस्त्यावर गाडी खोकायला लागली, तेव्हा इर्माने हसत हसत पायातला मोजा काढून दिला. शरद ऋतूत तिची बदली झाली. मोजा राहिला.

आणि काय माल होता तो! पेट्रोल, तेल, धूळ, इतकी वर्षं, पण धागा उसवला नाही. दर वसंतात तो तळहातावर पसरून पाहताना ओल्द्रिखला वाटायचं, असं विणकाम आता होत नाही.

ल्युद्मिला शिवणीचे मोजे घालणारी बाई नव्हे. सहकारी गोठ्यात तिचा जन्म रबरी बुटांत गेला. तरी हौस एकच, दर नाताळला नवऱ्याकडून तसल्याच मोज्यांची एक जोडी. पायात कधी दिसली नाही ती. जपून ठेवत असेल, असं त्याला वाटायचं, आणि पैसे देताना त्याला जरा लाजही वाटायची.

आता तिने झाकण बाजूला ठेवलं. आता ती पाहणार. जी बाई आपल्याला घास भरवते, कूस बदलून देते, ती पाहणार, आणि आपल्याला खोटं बोलण्यापुरतेसुद्धा शब्द नाहीत.

"ओल्दा, हा बाहेर ओढू?"

"बरं," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं.

जाळी बाहेर आली. मोज्याच्या चिंध्या झाल्या होत्या. अर्धा भाग हवेच्या नळीत ओढला जाऊन तिथेच बोळा होऊन बसला होता. गाडी घुसमटत होती ती त्यानेच. ओल्द्रिख बघत राहिला. एवढी वर्षं काही झालं नाही, आणि या एका हिवाळ्यात हे असं?

ल्युद्मिलाने बोळा चिमटीने काढला. काळी शिवण बोटाने सरळ केली. मग नवा फिल्टर बसवला, झाकण लावलं, स्क्रू आवळले. हात पुसून त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि आधी त्याचे डोळे पुसले.

"यंदा बदलायचा राहून गेला रे," ती म्हणाली. "सगळा वेळ तुझ्यापाशी दवाखान्यात."

त्याला कळेना.

"इर्माचा मी पहिल्याच हिवाळ्यात चुलीत घातला. मग वाटलं, गाडीने काय पाप केलंय, धूळ जाईल आत. तेव्हापासून दर नाताळनंतर माझा एक. तुला कळू नये म्हणून तेलात मुरवत ठेवायचे." तिने चिंधी बादलीत टाकली. "आता कागदी आहे, त्याला मोजा लागत नाही. यंदाची जोडी रविवारी मीच घालते पायात. चालेल?"

"बरं," ओल्द्रिख म्हणाला.