पुलावरचा सर्वेश

सर्वेश गाडीखाली गेला. नाही, गेला नाही. तो माझ्या शेजारी नदीकाठी उभा राहून केळं खातोय, तेव्हा वरचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा.

आम्ही ड्रोनने दहिसर नदीवरच्या जुन्या दगडी रेल्वेपुलाचे फोटो काढत होतो. पहिल्या फोटोत काठावर मी एकटीच होते. सर्वेश वर पुलावर, रुळांच्या मधोमध उभा होता.

"गंधाली, माझ्या फोटोंशी खेळू नकोस हं!"

"मी? मला फोनचा अलार्म लावता येत नाही रे!"

दुसऱ्या फोटोतही तो तिथेच होता. मान वर करून कॅमेऱ्याकडे दात विचकत होता. शेजारचा सर्वेश मात्र हसत नव्हता.

त्याने ड्रोन परत बोलावायचं बटण दाबलं. ते दाबलं की ड्रोन उडवणाऱ्याकडे परत येतो. ड्रोन मात्र सरळ पुलाकडे गेला आणि रुळांवर उतरला.

आता लांबून गाडीचा भोंगा येतोय. शेजारी सर्वेशचे केस वाऱ्याने मागे उडतायत. माझे जागचे हललेले नाहीत.

सबब, रेल्वे प्रशासनास नम्र विनंती, की सर्वेश पुलावरून खाली उतरेपर्यंत सर्व गाड्या आहेत तिथेच थांबवाव्यात, तो नदीकाठी उभा दिसत असला तरीही.