बिघाड लिहून द्या

गाडीच्या डिकीतला ॲम्प्लिफायर दीड तास न थांबता वाजत होता आणि त्यामुळेच रामदासचं डोकं फिरलं होतं. बंद पडला असता तर निदान काहीतरी सापडलं असतं.

"वाजतोय," तो म्हणाला.

"तुमच्या दुकानात वाजतोच तो," हिंमतराव म्हणाले. "आम्ही आता बिबवेवाडीलाच राहायला यावं, अशी तुमची इच्छा आहे का?"

हिंमतरावांची ही पाचवी फेरी. दर वेळी तेच. गाडी दुकानातून निघाली, की स्वारगेटच्या आसपास आवाज बंद. थोड्या वेळानं आपोआप सुरू, मग पुन्हा बंद. रामदासनं फ्यूज बदलला होता, बॅटरीपासूनची वायर नवी टाकली होती, अर्थिंगची जागा रंग खरवडून पुन्हा आवळली होती, स्पीकर एकेक सोडवून पाहिले होते. बारा वर्षं तो गाड्यांना टेप बसवत होता आणि ह्या एका छोट्या गाडीनं त्याची अक्कल काढली होती.

"मग त्याला काय लिहून पाठवायचं?" सुशीलाबाईंनी विचारलं. दुकानातल्या एकुलत्या एका स्टुलावर त्या मांडीवर पिशवी धरून बसल्या होत्या.

'तो' म्हणजे त्यांचा मुलगा, सौरभ. अमेरिकेत कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. मागच्या सुट्टीत त्यानंच हा ॲम्प्लिफायर बॅगेतून आणून रामदासकडून बसवून घेतला. तो परत गेला आणि कटकट सुरू झाली. दर रविवारी फोनवर बापलेक त्यावरून भांडायचे. शेवटी एका रविवारी हिंमतराव म्हणाले, "तुझा डबा तुझ्यासारखाच निघाला. घराकडे वळला की मुका होतो." सौरभनं फोन ठेवला. त्यानंतरचे तीन रविवार घरातला फोन वाजला नव्हता. काल शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर त्याची एका ओळीची मेल आली: नक्की बिघाड काय आहे ते मेकॅनिककडून लिहून घ्या, मग बोलू.

"अंदाजानं लिहिलेलं चालत नाही त्याला," सुशीलाबाई म्हणाल्या. "खरं काय ते सापडलं पाहिजे. नाहीतर ह्या रविवारीसुद्धा तो फोन करणार नाही."

रामदासनं पेन काढलं आणि परत खिशाला लावलं. जे सापडलंच नाही ते लिहिणार काय? त्याला स्वतःचीच चीड आली.

"मी येतो तुमच्याबरोबर," तो म्हणाला. "बंद पडताना मला बघायचाय."

त्यानं शटर ओढून कुलूप घातलं. तोवर सुशीलाबाई डिकी लावून पुढच्या सीटवर बसल्याही होत्या. रामदास मागे बसला. बाहेर एप्रिलचं ऊन, समोर सहा आसनी रिक्षांची झुंबड आणि गाडीत नाट्यगीतांची कॅसेट. तो ऐकत नव्हता, वाट बघत होता.

"मुलगा तापट दिसतो तुमचा," काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला.

"तापट कसला? सव्वीस वर्षांचा होईपर्यंत हिनं त्याला सिंहगडावर जाऊ दिलं नाही. पाय घसरेल म्हणून," हिंमतराव म्हणाले. "मग तो थेट अमेरिकेला गेला."



स्वारगेटच्या जरा अलीकडे गाणं मध्येच तुटलं. हिंमतरावांनी गाडी कडेला घेतली. रामदासनं धावत जाऊन डिकी उघडली. ॲम्प्लिफायर दिसलाच नाही. त्याच्या जागी मरून रंगाच्या मखमलीचं काहीतरी गुबगुबीत होतं. आत कापूस भरलेला, कडेनं लेस, खाली इलास्टिक. त्यानं आत हात घातला आणि चटका बसून मागे घेतला.

"हे काय आहे?"

"कव्हर," सुशीलाबाई म्हणाल्या. त्याही उतरून मागे आल्या होत्या. "मी शिवलंय. सौरभ गेला त्याच आठवड्यात. डिकीत धूळ किती येते. पोरानं एवढ्या लांबून आणलाय, ओरखडासुद्धा पडायला नको."

"मग मला कधी दिसलं कसं नाही?"

"तुमच्याकडे येताना काढून पिशवीत ठेवते. तुमचे हात तेलकट असतात. निघताना पुन्हा घालते."

हसावं की डोकं आपटून घ्यावं, रामदासला कळेना. त्याच्या स्वतःच्या घरी टीव्हीला, मिक्सरला, फोनलासुद्धा बायकोनं झबली शिवली होती. हे त्याला पहिल्याच फेरीत सुचायला हवं होतं.

"काकू, हा चालताना तापतो," तो जमेल तेवढ्या शांतपणे म्हणाला. "त्याला वारा लागतो. असा गुंडाळून ठेवला की आतल्या आत तापत जातो. मग जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो."

सुशीलाबाईंनी कव्हर काढून हातात घेतलं. मागच्या बसवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला होता. हिंमतराव उतरून मागे आले.

"लिहा," ते हळूच रामदासला म्हणाले. "वायर सैल होती."

"वायर मी बसवलीय, काका. ती सैल नव्हती."

"माहितीये मला. तरी लिहा. तो आईला बोल लावेल."

पाच फेऱ्या बोलणी खाल्ली आणि आता आपल्याच हातानं आपलं काम वाईट म्हणून लिहून द्यायचं. रामदासला असा संताप आला की पेन उघडताना टोपण खाली पडलं. पण त्यानं डिकीच्या झाकणावर कागद धरला आणि लिहिलं, 'वायर'.

सुशीलाबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"ते खोडा," त्या म्हणाल्या. "आईनं झाकून ठेवला होता, म्हणून बंद पडत होता, असं लिहा. त्याला पटेल. खाली सही मी करते."